चावी माझ्या खिशात होती

मशीनच्या टेबलावर सोललेला नारळ ठेवला होता. पात्याला कुंकू फासलेलं होतं. रंगनाथकाकांनी एका हातानं नारळ धरला आणि दुसरा हात स्विचकडे नेला. मी त्यांच्या आधी पोचले. स्विचमधली पिवळी चावी ओढून काढली आणि पँटच्या खिशात टाकली.

काका माझ्याकडे बघत राहिले. "काय झालं मॅडम?"

"अजून काही झालेलं नाही," मी म्हणाले. "म्हणून तर काढली."

दिवस दसऱ्याचा. जागा बीड बायपासच्या पलीकडची, काकांच्या बंगल्यातली गाडी लावायची शेड. गाडी त्यांनी बाहेर रस्त्यावर काढली होती आणि शेडमध्ये सुतारकामाचा घरगुती वर्कशॉप थाटला होता. काका सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, शेती कन्नडकडे, आणि हाताला लाकडाची हौस. मुलीला पुण्यात पहिली मुलगी झाली होती. नातीच्या बारशाला पाळणा आपण स्वतः करायचा, तोही स्वतःच्या शेतातल्या सागाचा, असं त्यांनी घरात जाहीर करून टाकलं होतं. साग बांधावरचा, फळ्या कन्नडहून कापून आणलेल्या. मशीन तेवढं राहिलं होतं. ते घेऊन मी आले होते.

माझं काम सांगते. जालना रोडवर पॉवर टूल्सचं एक दुकान आहे, तिथं मी डेमो टेक्निशियन आहे. मशीन विकलं गेलं की ते गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन जोडायचं, चालवून दाखवायचं, आणि मग गिऱ्हाइकाकडून चालवून घ्यायचं. त्याआधी लासूर स्टेशनहून रोज अपडाउन करून आयटीआय केलं, मग एमआयडीसीतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये बरीच वर्षं काढली. लोखंडाचा एखादा भाग ओतायच्या आधी त्याचा लाकडी नमुना बनवतात, ती जागा म्हणजे पॅटर्न शॉप. तेव्हा पातं मला नवं नाही. तरी टेंपोतून मी उतरले की निम्मी गिऱ्हाइकं माझ्या मागे बघतात, मिस्त्री कुठाय म्हणून. मिस्त्री मीच आहे, हे सांगायचा आता कंटाळा आलाय. सरळ टूलबॉक्स उघडते.

पूर्वी असली मशीनं फक्त सुतारच घ्यायचे. आता डॉक्टर घेतात, मास्तर घेतात, रिटायर झालेले काका घेतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून घेतात. त्या व्हिडिओंचा मला राग आहे. त्यात पात्यावरचं गार्ड काढलेलं असतं, कारण गार्ड असलं तर कॅमेऱ्याला पातं दिसत नाही. बघणाऱ्याला वाटतं, मशीन असंच चालवतात.

काकांनी घेतला होता टेबल सॉ. आपल्याकडे सगळे त्याला कटरच म्हणतात. एक सपाट धातूचं टेबल, मधे फट, आणि फटीतून वर आलेलं गोल पातं. हातकरवतीनं कापताना लाकूड थांबतं आणि करवत हलते. इथं उलटं. पातं जागेवर फिरतं आणि लाकूड आपण त्याच्याकडे ढकलतो. म्हणजे लाकडाबरोबर आपला हातही पात्याकडे निघालेला असतो. एवढं एक वाक्य डोक्यात बसलं तर निम्मा डेमो तिथंच संपतो. पण ते बसत नाही.

सकाळी मी सगळं नीट जोडलं होतं. पात्यावर गार्ड, म्हणजे पारदर्शक झाकण, लाकूड आत शिरताना तेवढंच उचललं जाणारं. पात्याच्या मागे एक उभी पोलादी पट्टी. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेल्या लाकडाची फट मागे मिटू नये म्हणून ती असते. फट मिटली की लाकूड पात्याला आवळतं, आणि पातं ते लाकूड उचलून आपल्याच अंगावर भिरकावतं. हे सगळं मी काकांना दाखवलं. काका समजूतदार. पट्टीला बोट लावून त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मला माणूस आवडला होता.

मग कन्नडहून त्यांचे मेहुणे आले. भागवतराव. पांढरे कपडे, नव्या कोऱ्या टोपीवर गुलालाचा ठिपका, हातात आपट्याची फांदी. आल्याआल्या त्यांनी मशीनचं नाव विचारलं आणि मग माझं. नाव सांगितलं तर म्हणाले, "पूर्ण?" मी आडनाव सांगितलं. सांगताना आवाज बारीक केला नाही. ते "हां" म्हणाले आणि मशीनकडे वळले.

दसऱ्याला नव्या मशीनची पूजा होणार, यात वावगं काहीच नाही. आमच्या दुकानातून त्या दिवशी जी जी मशीनं जातात ती सगळी झेंडूच्या माळा घालून घेतात. मी स्वतः प्लग काढला, टेबल पुसून दिलं, काकूंना फुलं मांडायला जागा करून दिली. काकूंनी पंचपाळं आणलं, टेबलाला आणि गार्डला हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली. रंगनाथकाका नवं उपरणं खांद्यावर टाकून, हात जोडून उभे. मला ते सगळं छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात दुकानातून फोन आला. शेडमध्ये नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून मी गेटपाशी गेले. पुढच्या डेमोचा पत्ता बदलला होता. टेंपोवाल्या रफिकभाईंना तो समजावून सांगितला आणि परत आले. मधल्या काळात शेडमध्ये बरंच काही घडून गेलं होतं. गार्डच्या आडून पात्याला कुंकू नीट लागत नाही म्हणून भागवतरावांनी गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलं होतं. गार्डबरोबर मागची पट्टीही निघाली होती. पात्याला त्यांनी चांगलं ओलं कुंकू फासलं होतं, तेल घालून. प्लग बोर्डात बसला होता. काकू चहाला आत गेल्या होत्या. आणि टेबलावर नारळ.

भागवतरावांचा हिशोब सरळ होता. नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवून गाडी पुढं घेतात. चाकानं लिंबू चिरडतात, तर कटरनं नारळ कापायचा. घरातल्या मोठ्या माणसानं, उजव्या हातानं. यात तर्क नाही असं मी म्हणणार नाही. तर्क होता. फक्त तो गाडीचा होता.

म्हणून मी चावी काढली. ही चावी म्हणजे स्विचमध्ये बसणारा प्लास्टिकचा छोटा तुकडा. ती काढली की बटण कितीही दाबा, मशीन हूं की चूं करत नाही. लहान मुलांच्या घरात उपयोगी पडते असं माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. मोठ्या माणसांचं त्यात काही लिहिलेलं नाही.

"ओ मॅडम," भागवतराव म्हणाले, "मुहूर्त चाललाय. चावी द्या इकडं."

"नारळ दगडावर फोडा. मशीनवर नाही."

"का बरं? सागवान कापतंय की हे. नारळ काय सागवानापेक्षा कडक असतो व्हय?"

"कडक असता तर भीती नव्हती. गोल आहे, ही भीती आहे."

मी समजावून सांगायला गेले. फळी सपाट असते, टेबलावर अंग टाकून बसते. तिला एका बाजूनं टेकायला सरळ पट्टी असते, तिला आम्ही फेन्स म्हणतो. नारळ मात्र टेबलाला एका टिंबापुरता टेकतो. पात्याचा दात लागला की तो गरकन फिरणार, आणि धरणारा हात त्याच्याबरोबर फिरणार. नाहीतर पातं तो उचलून समोरच्याच्या तोंडावर मारणार. याला किकबॅक म्हणतात. शब्द इंग्रजी असला तरी लागतं ते आपल्यालाच.

"आणि काका, तुमचं उपरणं," मी म्हणाले. "ते पुढं लोंबतंय. त्याचं टोक पात्यात गेलं तर मानेला घेऊन जाईल."

काकांनी उपरणं मागे टाकलं. काढलं नाही.

"मॅडम, एक नारळ तर हाय," भागवतराव हसत म्हणाले. "तुमी मशीन जोडायला आल्या का अडवायला?"

"आज दोन्ही कामं माझ्याकडं आलीत."

त्यांचं हसू गेलं. ते काकांकडे वळून म्हणाले, पण मला ऐकू जाईल असंच, "तसं नाय दाजी. यांच्यात पूजाअर्चा नसते. म्हणून यांना त्याचं काय वाटंना."

काका खाली बघायला लागले. मला राग आला. आला तर आला, मी तो गिळत नाही, बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलंय ते.

"भागवतराव," मी म्हणाले, "पूजेआधी हे टेबल मी पुसून दिलंय. तुमच्या बहिणीला फुलं मांडायला जागा मी करून दिलीय. पूजेला माझी ना नव्हती, आताही नाही. दसऱ्याला आमच्या घरी काय असतं ते ऐकायचं असेल तर चहा घेताना सांगते, मोठ्या आवाजात सांगते. पण पात्याला आडनाव वाचता येत नाही. तुमचं बोट आणि माझं बोट त्याला सारखंच लागतं. तेव्हा नारळ उचला."

नारळ कोणी उचलला नाही. भागवतरावांनी फोन उचलला आणि शेडबाहेर गेले. दुकानाचा नंबर पावतीवरच होता. मिनिटाभरात माझा फोन वाजला. मी बोलायला पुन्हा गेटपाशी गेले, पण या वेळी प्लग काढून, वायर गुंडाळून मशीनखाली ठेवून गेले; चावी खिशात होतीच. एकदा शिकले ते पुरे.

शेठ वैतागलेले होते. दसऱ्याचं दुकान, मागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"संध्या, काय लावलंस तिथं? सणासुदीला गिऱ्हाइकाशी वाद?"

"ते गार्ड काढून कटरवर नारळ कापतायत."

"कापू दे ना. मशीन त्यांचं झालं आता."

"डेमो झालेला नाही. डेमो होईपर्यंत ते माझं आहे."

"अगं, आपण थोडीच कापतोय? त्यांचं ते कापतील. तू चावी दे आणि पुढच्या डेमोला नीघ. तुलाच दुपारी घरी जायचंय ना?"

ते खरं होतं. दसऱ्याला आमच्याकडे वेगळा सण. पांढरी साडी नेसून विहारात जायचं, सगळे नातेवाईक जमतात, आईनं आठवडाभर बजावून ठेवलेलं. शेठनं दुपारी मोकळं करायचं कबूल केलं होतं. चावी काकांच्या हातात ठेवली असती तर मी वेळेत पोचले असते.

"नाही देणार," मी म्हणाले.

"मग उद्यापासून येऊ नको."

"ठीक आहे. चावी घेऊन येते आणि तुमच्या काउंटरवर ठेवते. इथं देत नाही."

फोन ठेवला. नोकरी गेली तर घरात काय सांगायचं, हा विचार मनात आलाच. शूर वगैरे काही नव्हते मी. पण पॅटर्न शॉपमधले आमचे एक सिनियर मला आठवत होते. चांगले कारागीर, आयुष्य लाकडात गेलेलं. एक दिवस गार्ड जरा वेळ बाजूला काढलं, एवढंच. दोन बोटं गेली. नंतर त्यांना शर्टाची बटणं लावता येईनात, घरून बायको लावून पाठवायची. डबा खाताना ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. उघडं पातं बघितलं की मला ती पाठ दिसते. रंगनाथकाकांना नात उचलून घ्यायची होती. नोकरी दुसरी मिळते.

गेटपाशी रफिकभाई सगळं ऐकत उभे होते. टेंपोचं फाळकं उघडत त्यांनी विचारलं, "मॅडम, मशीन वापस डालना क्या?"

"पूछके बोलती," मी म्हणाले.

मी शेडमध्ये गेले आणि काकांनाच विचारलं. "काका, मशीन ठेवायचं की न्यायचं? ठेवायचं असेल तर गार्ड लावून, नारळाशिवाय. नाहीतर टेंपो उभा आहे."

"चावी देत नाही म्हणजे काय?" भागवतराव म्हणाले. "पैसे देऊन घेतलंय."

"भागवत, तू जरा थांब," काका म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच त्यांना काही बोलले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही सांगितलं ते माझ्या ध्यानात आलं नाय असं नाय. पण मी नारळ घट्ट धरला असता. माझ्या हातात अजून जोर हाय. घट्ट धरला तर फिरंल कसा?"

हा प्रश्न खरा होता. व्हिडिओ बघून झालेला प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो. मला वाटलं, बोलून उपयोग नाही, हातालाच कळू द्यावं.

"धरून बघा," मी म्हणाले. "मशीन बंद असताना."

प्लग मी टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. चावी खिशात आहे हे थापटून दाखवलं. काकांना उपरणं काढायला लावलं. पातं बंद असलं तरी त्याचे दात धारदार असतात, म्हणून त्यांचं मनगट मी दोन्ही हातांनी पकडलं.

"जसा धरणार होता तसाच धरा. हवा तेवढा जोर लावा. पण ढकलायचं हळू."

काकांनी नारळ मुठीत आवळला. बोटांची पेरं पांढरी झाली. त्यांनी तो पात्याकडे सरकवला. दातांना टेकला, थोडा अडला. काकांनी रेटा वाढवला. नारळ पात्याच्या बाजूनं घसरला आणि कुशीवर वळला. हातातला जोर होता तसाच पुढं गेला. बोटं नारळावरून सुटली आणि पात्यावर जाऊन टेकली. मी मनगट मागे ओढलं.

लागलं काहीच नाही. ओरखडाही नाही. पण त्यांच्या चारही बोटांवर, पेरापासून खालपर्यंत, भागवतरावांनी फासलेलं तेलातलं ओलं कुंकू उतरलं होतं.

काकांनी हात उलटा केला, सुलटा केला. भागवतरावही मान पुढं काढून बघत होते.

"पातं थांबलेलं होतं," मी म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी काकू चहा घेऊन आल्या. त्यांना चावी, प्लग, फोन यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना दिसलं ते एवढंच की नवरा कटरपाशी उभा आहे आणि त्याचा उजवा हात लाल आहे. ट्रे त्यांच्या हातातून सुटला. कपबशा फरशीवर फुटल्या. त्या काही ओरडल्या नाहीत. तशाच काचांवरून चालत आल्या, त्यांनी काकांचा हात धरला आणि पदरानं पुसायला लागल्या.

"अगं कुंकू हाय," काका म्हणत होते. "कुंकू हाय ते. तूच बघ."

काकूंना ऐकू येत नव्हतं. पुसून झाल्यावर त्यांनी बोटं एकेक करून चाचपली, आधी उजव्या हाताची, मग डाव्याचीही. सगळी भरल्यावर त्यांनी मोठा श्वास सोडला आणि तिथंच स्टुलावर बसल्या. काकांचा चेहरा उतरला होता. नारळ फिरला तेव्हाही तो इतका उतरला नव्हता.

"काय करत होते हे?" काकूंनी मला विचारलं. मी सांगितलं. जसं घडलं तसं, मीठमिरची न लावता. भागवतरावांचं आडनावाबद्दलचं बोलणं मी सांगितलं नाही. ते सांगायचं तर त्यांनी सांगावं.

काकू उठल्या. टेबलावरचा नारळ उचलला, शेडच्या पायरीवर एका फटक्यात फोडला, पाणी मशीनभोवती शिंपडलं. "झाला मुहूर्त," त्या म्हणाल्या. "भागवत, तू त्या मशीनपासून लांब बस. आणि दादागिरी करून मला लई दमवू नको."

भागवतराव ओट्यावर जाऊन बसले. मोठा माणूस असा रुसलेला बघवत नाही. मशीनच्या स्टँडला ढकलून न्यायला चाकं होती. मी म्हणाले, "भागवतराव, मशीनला चाकं आहेत. लिंबू आणा, चाकाखाली ठेवा, आपण पुढं ढकलू. गाडीसारखंच होईल." त्यांना हसू आलं नाही, पण लिंबू त्यांनी आणलं. ठेवलंही त्यांनीच. काकांनी आणि मी स्टँड ढकललं, लिंबू फुटलं, आणि कोणाचं काही बिघडलं नाही.

मग मी पुन्हा पहिल्यापासून डेमो घेतला. आधी पातं पुसलं, कारण तेलकट कुंकू लाकडाला लागलं असतं. मागची पट्टी बसवली, गार्ड बसवलं. पूजेची झेंडूची माळ काढली, कारण फिरणाऱ्या मशीनजवळ लोंबणारं काहीही नको. हातमोजे घालू का, असं काकांनी विचारलं. घालू नका म्हणाले. हातमोजा दातात अडकला तर आतला हात सोडवायला वेळ मिळत नाही. चष्मा मात्र हवाच, भुशासाठी. पातं लाकडाच्या जाडीपेक्षा जेमतेम वर ठेवायला लावलं. उभं राहायचं ते पात्याच्या सरळ रेषेत नाही, जरा बाजूला, म्हणजे लाकूड मागे आलंच तर पोटाला लागत नाही. आणि पात्याच्या दोन्ही बाजूंना एक वीत जागा अशी, की तिथं बोट न्यायचंच नाही. लाकडाचं शेवटचं टोक पुढं न्यायला पुश स्टिक असते, खाचेची साधी काठी. तिला दात लागले तर काठी नवी करता येते.

काकांनी सागाची पहिली फळी कापली. हळू, अडखळत, पण सरळ. मशीन बंद केल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले. मी ते शिकवलं नव्हतं. मग मी खिशातून चावी काढून त्यांच्या हातात दिली.

निघताना काकांनी आपट्याचं पान दिलं आणि म्हणाले, "भागवतचं मनावर घेऊ नका."

"घेतलंय," मी म्हणाले. "पण तुमचं पान पण घेतलंय."

भागवतरावांनी पान दिलं नाही. मीही थांबले नाही.

पुढचे डेमो उरकून मी विहारात पोचले तेव्हा वंदना संपून गेली होती. अंगावर कामाचेच कपडे, केसांत भुसा. आईनं एक शब्द न बोलता खिरीची वाटी पुढं केली. तिच्या न बोलण्याला मी शेठपेक्षा जास्त भिते.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. येऊ नको म्हणाले होते, तरी गेले. शेठनं विचारलं, "डेमो होईपर्यंत चावी अडवूनच धरलीस, हे खरं का?"

"खरं आहे. पुढच्या वेळी पण अडवीन."

त्यांनी मला दिवाळीपर्यंत काउंटरवर बसवलं. डेमोला दुसरा माणूस पाठवला. मी स्क्रू आणि सँडपेपर विकले. माफी मागितली तर परत पाठवतो, असा निरोप आला. मी मागितली नाही. दिवाळीनंतर एका शाळेची मशीनं गेली आणि ती जोडायला मुख्याध्यापिकेनं मला नाव घेऊन बोलावलं. नंतर कळलं, त्या काकूंच्या मैत्रीण. शेठनं टेंपोची वेळ तेवढी सांगितली.

बारशाचं आमंत्रण काकूंचं होतं; बारसं सव्वा महिन्यानंतर काकांच्याच बंगल्यात ठेवलं होतं. घरात पाहुणे, पाळण्याला रंगीत फिरकी, पाळणा खरंच देखणा झालेला. एक खांब किंचित तिरका होता. मला दिसला, बाकी कोणाला नाही. काका नातीला उजव्या हातावर घेऊन फिरत होते, दर पाहुण्याला पाळणा दाखवत होते. भागवतराव पण होते. त्यांनी मला नमस्कार केला, मी केला. तेवढ्यावर राहिलं.

काकांनी मला शेडमध्ये नेलं. मशीन स्वच्छ होतं, गार्ड जागेवर होतं. टेबलावर पात्याच्या दोन्ही बाजूंना, मी सांगितलेल्या वीतभर अंतरावर, त्यांनी लाल ऑइलपेंटनं रेघ मारली होती. "या रेघेच्या आत काठी," ते म्हणाले. "हात नाय."

मी स्विचकडे बघितलं. चावी नव्हती.

"चावी कुठाय?"

काकांनी घराच्या दिशेनं मान केली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या कमरेच्या जुडग्यात, कपाटाच्या आणि तिजोरीच्या चाव्यांमध्ये, तो पिवळा प्लास्टिकचा तुकडा लोंबत होता.

"मागायला येतेत रोज," काकू म्हणाल्या. "आधी गार्ड दाखवा म्हणते. उपरणं काढा म्हणते. मग देते."

"आणि नाही ऐकलं तर?"

"तर नाय देत," काकू म्हणाल्या. "काय करणारेत?"

तेव्हापासून मी डेमो बदलला आहे. पूजा असेल तर प्लग काढते आणि चावी आधी खिशात टाकते, मग फुलं मांडायला मदत करते. आणि शेवटी चावी मशीन घेणाऱ्याच्या हातात देत नाही. त्या घरात नाही म्हणायला कोण भीत नाही, ते बघते आणि त्यांच्याकडे देते.